कूलरवाल्यानं केलेली बॉडी

डिसेंबरात डोमाजी निनावेकडे काम नसतं.
मे महिन्यात दुकानापुढे रांग असते,
आता नुसते पत्रे उभे, भिंतीला टेकून,
आणि खसचा मागल्या वर्षीचा वास.
मी वहीतलं चित्र पुढे सरकवलं.
त्यानं ते आडवं धरलं, मग उभं,
मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
"बॉडी लहान हाये मॅडम. याच्यात पंप कुठं बसवाचा?"

पंप नाही, म्हटलं. गाणं बसवायचंय.

"गाणं तं मोबाईलात हाये न आता."

आहे. पण बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात
लोकांचे आवाज या तारेतून त्या तारेत घातले,
आता एक आवाज पहिल्या स्क्रूपासून
आपल्या हातानं काढावासा वाटतो.
त्याला एवढंच सांगितलं, पत्रा जाड घ्या.

लेझर दिल्लीहून आला, कापसात गुंडाळलेला,
काडेपेटीएवढा,
पाठीवर कथिलाचा एक थेंब घेऊन.
कारखान्यातच ठेवतात तो,
वाटेत कुणाच्या बोटाची वीज लागून मरू नये म्हणून.
थेंब आहे तोवर आंधळा, पण शाबूत.
काढायचा असतो. सगळ्यात शेवटी.

ट्रान्सफॉर्मर बर्डीवरचा,
बाजूच्या फळ्या लकडगंजातल्या उरल्यासुरल्या सागाच्या,
चकती दाबून धरणारं चुंबक
एका काळ्या फोनच्या रिसीव्हरमधलं.

पहिल्या बॉडीत चकती काठाला घासली.
"एक सूत तं इकडंतिकडं होतेच न बाप्पा."
मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला:
एका सुतात या चकतीचे
दोन हजार वळसे मावतात, डोमाजी.
तो काही बोलला नाही.
चहाही घेतला नाही.
दुसऱ्या दिवशी भाच्याचा व्हर्नियर खिशात घालून आला
आणि दिवसभर कानस इतकी हळू चालवली
की शेजारच्या सायकलवाल्यानं डोकावून विचारलं,
तब्येत बरी आहे न?

जानेवारीत सगळं जुळलं.
थेंब काढला. भिंग वर झालं, खाली झालं,
शोधू लागलं.
चकती शेजारणीच्या बाल्कनीतली,
कबुतरं बुजावीत म्हणून टांगलेली, दोन उन्हाळे भाजलेली.
तिच्यावर काय आहे ते टांगणारीलाही आठवेना.
वाजली.
पण गाण्याच्या खाली एक जाड हूं लागलेला,
कोराडीच्या चिमण्यांपासून
थेट माझ्या टेबलापर्यंत आलेला.

दोन रात्री शोधला.
सापडला तळाशी. डोमाजीनं अर्थिंग दोनदा दिलं होतं.
एक मी सांगितलेलं. एक त्याचं स्वतःचं,
मागच्या कोपऱ्यात, रंग खरवडून, डबल वॉशर घालून.
दोन वाटा मिळाल्या की वीज
गोल फिरत बसते, गुणगुणत.
हे काढा, म्हटलं.
"नाही काढत."
मग म्हणाला, "कूलरनं माणूस मरते मॅडम."
बराच वेळ पक्कड उघडत मिटत राहिला.
"लहानही मरते."

कोण, कधी, मी विचारलं नाही.
संध्याकाळपर्यंत आम्ही तळाच्या मधोमध
एक जाड पितळी बोल्ट बसवला.
त्याची तार, माझी तार, एकाच नटाखाली.
त्यानं पान्हा आवळला. मी हलवून पाहिलं.
त्यानं पुन्हा आवळला.

बटण मी दाबलं.
डोमाजीनं सवयीनं हात उलटा करून
बोटांची पाठ झाकणाला टेकवली,
कूलरला टेकवतो तशी,
झटका बसलाच तर हात मागे यावा म्हणून.
आत चकती फिरत होती.
पहिल्या गाण्याआधीची दोन सेकंदं चालली होती.
त्यांच्या खाली काही नव्हतं. कोराडी नव्हती.

"चालू केलं का?" त्यानं विचारलं.